इन्क्रीज बाय टू

वाल्मिक सोनवणेला एका इंग्रजी शब्दाने जेवढं छळलं तेवढं कुठल्या माणसाने कधी छळलं नव्हतं. शब्द होता इन्क्रीज. अर्थ विचाराल तर एवढासा: वाढणं, वाढवणं. पण त्या एवढ्याशा शब्दापायी बाराशे मीटर जॉर्जेट वाया जायची वेळ आली, आणि शेठच्या केबिनमध्ये तीन जाणती माणसं तासभर एकमेकांवर खेकसत बसली.

वाल्मिक मूळचा शिंदखेड्याकडचा. नववीनंतर शाळा सोडून सतराव्या वर्षी सुरतेला आला. आधी दोन वर्षं लूमवर काढली, मग पांडेसऱ्याच्या एका मिलमध्ये कापड रंगवायच्या खात्यात लागला तो तिथलाच झाला. तीस वर्षांत हेल्परचा डाइंग मास्तर झाला. राहायला भेस्तानला, दोन खोल्यांचं घर, बायको तारा आणि मुलगी हर्षदा. हर्षदा बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होती आणि संध्याकाळी सोसायटीतल्या मुलांच्या इंग्रजीच्या शिकवण्या घ्यायची.

मिलमध्ये कापड रंगतं ते जेट मशीनमध्ये. भल्यामोठ्या प्रेशर कुकरसारखं यंत्र असतं ते. आत कापड आणि रंगाचं पाणी सोबत फिरत राहतं, आणि पाणी तापत तापत एकशे तीस डिग्रीपर्यंत जातं. ते किती वेगाने तापवायचं यातच सगळी करामत. फार हळू तापवलं तर वेळ जातो, घाई केली तर रंग एका ठिकाणी जास्त बसतो, दुसऱ्या ठिकाणी कमी, आणि कापड डागाळतं. वाल्मिकला हे पुस्तकातून कळलं नव्हतं. जुने मॅनेजर केबिनच्या दारातून ओरडायचे, "वाल्मिकभाई, जरा वधारजो," आणि वाल्मिक जरा वाढवायचा. 'जरा' म्हणजे किती, हे कुणी सांगायचं नाही आणि कुणी विचारायचंही नाही. रंग मात्र जिथे यायचा तिथे यायचा.

मग दिवाळीनंतर त्यांच्या जागी पार्थिव आला. सत्तावीस वर्षांचा, टेक्स्टाइलचा डिप्लोमा केलेला, इस्त्रीचा शर्ट आणि कानात ते पांढरं बटण. पहिल्याच दिवशी त्याने मोबाइलवर खात्याचा ग्रुप काढला आणि सांगून टाकलं की यापुढे तोंडी काही नाही, सगळं लिहून येईल, आणि इंग्रजीत येईल. का, तर रेकॉर्ड राहतं. त्या दिवसापासून वाल्मिकच्या खिशात दर अर्ध्या तासाला फोन थरथरायला लागला, आणि चारपैकी तीन मेसेज त्याच शब्दाने सुरू व्हायचे. इन्क्रीज हे, इन्क्रीज ते. कमी करायला त्या पोराला जणू कुणी शिकवलंच नव्हतं.

पहिला फटका नोव्हेंबरच्या शेवटी बसला. रंगवून झालं की कापड साबणाच्या गरम पाण्यात धुतात. एरवी दहा मिनिटं. त्या दिवशी मरून रंगाच्या लॉटसाठी मेसेज आला की धुलाई 'इन्क्रीज बाय' पंधरा मिनिटं. वाल्मिकने पंधरा वाचलं आणि पंधरा मिनिटं धुतलं. दहाची पंधरा झाली, वाढली की. संध्याकाळी पार्थिवने पांढरा रुमाल कापडावर घासला तर रुमाल लाल. धुलाई पंचवीस मिनिटं व्हायला हवी होती.

तो सगळ्यांसमोर बोलला. जेटवरचा उखा होता, बॉयलरवाला होता, कापड उचलणाऱ्या बायका होत्या. आवाजही चढवला नाही त्याने, आणि तेच जास्त लागलं.

"काका, बाय म्हणजे काय आणि टू म्हणजे काय, हे येत नसेल तर शिकून घ्या," तो हिंदीत म्हणाला. "आणि तोपर्यंत लिहिलंय तेवढंच करा. स्वतःचं डोकं लावू नका."

तीस वर्षांत वाल्मिकला शिव्या पुष्कळ पडल्या होत्या. पण डोकं लावू नका, असं कुणी म्हटलं नव्हतं. त्या खात्यात त्याच्या डोक्याशिवाय होतं काय?

घरी आल्यावर त्याने चहाही न घेता हर्षदासमोर मोबाइल धरला आणि हे बाय काय आहे ते सांग म्हणाला. हर्षदाने वही काढली. तिला शिकवायची सवयच होती. बाय म्हणजे 'ने', टू म्हणजे 'पर्यंत', ती म्हणाली. दहा मिनिटं होती. इन्क्रीज बाय पंधरा, म्हणजे पंधराने वाढव, झाली पंचवीस. इन्क्रीज टू पंधरा, म्हणजे पंधरापर्यंत वाढव, झाली पंधरा. वाल्मिकने ते तीन वेळा म्हणवून घेतलं. एवढ्याशा दोन अक्षरांनी दहा मिनिटांचा फरक पडतो आणि ही अक्षरं माणूस एका अंगठ्याने टाइप करतो, हे काही त्याच्या पचनी पडेना.

"पप्पा, तुमचं बीपी इन्क्रीज्ड टू दीडशे, तर डॉक्टर गोळी देतो," हर्षदा म्हणाली. "इन्क्रीज्ड बाय दीडशे झालं, तर डॉक्टरची गरजच उरत नाही."

हे मात्र त्याला चांगलं कळलं. पण आठवड्याभरात पार्थिवचा मेसेज आला की देअर इज ॲन इन्क्रीज इन पॅचेस. पॅचेस म्हणजे डाग हे वाल्मिकला ठाऊक होतं. त्याने मेसेज दोनदा वाचला आणि डोकं धरलं. हा माणूस मला डाग वाढवायला सांगतोय का? दुपारच्या सुट्टीत त्याने हर्षदाला कॉलेजात फोन लावला. ती हसायला लागली, मग बापाचा आवाज ऐकून थांबली. इथे इन्क्रीज म्हणजे 'वाढव' नाही, 'वाढ' आहे, तिने समजावलं. डागांमध्ये वाढ झाली आहे, एवढंच तो सांगतोय. शब्द तोच, स्पेलिंग तेच. नाम असलं की बोलताना जोर 'इन्'वर, क्रियापद असलं की 'क्रीज'वर.

"मोबाइलवर जोर कुठे दिसतो?" वाल्मिकने विचारलं.

रात्री वहीत बघू म्हणून तिने फोन ठेवला.

मग रोज रात्रीच्या जेवणाआधी अर्धा तास हाच उद्योग. तारा पाट मांडून वाट बघायची. दि टेम्परेचर इन्क्रीज्ड, असं हर्षदाने लिहिलं, की वाल्मिक विचारायचा, कुणी वाढवलं? कुणी नाही, आपोआप वाढलं. मग मी वाढवलं तर? तरी इन्क्रीज्डच. म्हणजे एखादी गोष्ट आपली आपण झाली की कुणाच्या हातून झाली, हे यांच्या शब्दावरून कळतच नाही? आपल्यात बघ, वाढलं निराळं आणि वाढवलं निराळं. त्याला हे अगदी लबाडीचं वाटलं. आतून तारा ओरडली, "वाढू का? भाकर थंडी व्हयी ऱ्हायनी," आणि हर्षदाला हसू आवरेना. ती म्हणाली, आपली भाषा तरी कुठे सरळ आहे पप्पा, मम्मी ताट वाढते, मी वयाने वाढते, आणि तुम्ही सत्यनारायणाला नारळ फोडता आणि म्हणता, वाढवला. वाल्मिक चिडून पानावर जाऊन बसला. नारळाचं कुणी त्याला सगळ्यांसमोर विचारलं नव्हतं.

पण तो शिकला. हट्टाने शिकला. डिसेंबर संपेपर्यंत बाय, टू, इन, फ्रॉम या सगळ्यांच्या गाठी त्याला सुटायला लागल्या. आता तो मेसेज आला की उखाला मोठ्याने वाचून दाखवायचा आणि वर अर्थही सांगायचा. उखा त्याच्याच गावाकडचा, जेटवर वीस वर्षं. तो ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, मास्तर, आकडा सांगा ना, आकडा. वाल्मिकला त्याचाही राग यायचा.

जानेवारीत लग्नाच्या साड्यांची घाई सुरू झाली. सगळ्या मशीन भरलेल्या, शेठ दिवसातून चारदा खात्यात फेरी मारणार. अशात एका बुधवारी सकाळी अकराच्या सुमाराला फिरोजी रंगाचा लॉट लागला. फिरोजी हा मोठा मानी रंग. काळा, मरून, नेव्ही हे रंग थोडंफार सहन करतात. फिरोजी काही सहन करत नाही. वाल्मिक त्याला मिनिटाला एक डिग्री या चालीने तापवायचा. वेळ लागायचा, पण कापडाचा ताका उघडला की तळ्याचं पाणी बघितल्यासारखं वाटायचं.

उखाने कापड आत सोडलं. तेवढ्यात वाल्मिकचा फोन थरथरला. फिरोजी लॉट. इन्क्रीज हीटिंग रेट बाय टू. शेवटचा टू आकड्यात लिहिलेला होता.

वाल्मिकने वाचलं आणि तो जागच्या जागी थांबला. आता रेट एक. बाय दोन, म्हणजे दोनने वाढव. तीन. मिनिटाला तीन डिग्री. फिरोजीला.

त्याने परत वाचलं. पार्थिवला वेळ वाचवायचा होता हे उघड होतं, आणि त्याला दोन हवं असणार हेही उघड होतं. दोनवर नीट लक्ष ठेवलं असतं तर लॉट कदाचित निघाला असता. तीनवर देवही उभा राहिला असता तरी निघाला नसता. पार्थिवची केबिन जिना चढून वर, वीस पायऱ्या. फोन तर हातातच होता. वाल्मिकने पार्थिवचं नाव काढलंही, अंगठा बटणावर नेला. आणि त्याला तो लाल झालेला रुमाल आठवला, कापड उचलणाऱ्या बायकांचे खाली गेलेले डोळे आठवले. लिहिलंय तेवढंच करा.

त्याने फोन खिशात टाकला आणि उखाला म्हणाला, "तीन लाव."

उखा वळून बघायला लागला. "मास्तर, तीन? फिरोजीला?"

"बाय टू लिहिलंय. एकात दोन मिळव."

"विचारून तरी घ्या वर."

"लिहिलंय तेवढंच करायचं," वाल्मिक म्हणाला, आणि हे म्हणताना आपल्याला बरं वाटतंय हे त्याचं त्यालाच जाणवलं. उखाने मान हलवली आणि तीन लावलं.

पाणी तापत गेलं. एरवी वाल्मिक फिरोजीपाशी खुर्ची टाकून बसायचा. त्या दिवशी तो दुसऱ्या मशीनपाशी जाऊन उगाच पाइप बघत राहिला. दुपारी लॉट उघडला. ओल्या भिंतीवर पोपडे धरावेत तसे गडद आणि फिके पट्टे बाराशे मीटर कापडावर या टोकापासून त्या टोकापर्यंत. कापड उचलणाऱ्या बायकांतली एक सरलाबाई, तिने नुसतं "अगं बाई" म्हटलं आणि टोपली खाली ठेवली.

पार्थिव जिन्यावरून धावत आला. कापड हातात धरताच त्याचा चेहरा पांढराफटक पडला. आधी तो उखावर ओरडला, मग वाल्मिककडे वळला. तीन कुणी लावायला सांगितलं? फिरोजीला कुणी तीन लावतं का? एवढी वर्षं काय केलं तुम्ही इथे? वाल्मिकने मोबाइल त्याच्यासमोर धरला. पार्थिवने वाचलं. परत वाचलं. मग म्हणाला की त्याचा अर्थ दोन असाच होतो, कुणीही सांगेल.

"कुणाला विचारायचं ते विचारा," वाल्मिक म्हणाला.

अशा रीतीने प्रकरण शेठच्या केबिनमध्ये गेलं. रमणिकभाई शेठ साठीचे, मिल त्यांच्या वडिलांनी काढलेली. कापड त्यांना बोटांच्या टोकांना कळायचं, पण इंग्रजी त्यांच्या वाटेला कधी आलं नव्हतं आणि ते त्याच्या वाटेला गेले नव्हते. टेबलावर फिरोजीचा तुकडा पसरलेला, त्यावर वाल्मिकचा मोबाइल. शेठनी विचारलं, यात काय लिहिलंय?

इथून जे सुरू झालं ते वाल्मिक नंतर कुणाला सांगायला लागला तर त्याचं डोकं परत दुखायचं. पार्थिव म्हणाला, इन्क्रीज बाय टू म्हणजे दोनपट कर. एक होता, दोनपट केला की दोन. वाल्मिक म्हणाला, दोनपट नाही, दोनने. शेठ म्हणाले, हॉटेलात सूप वन बाय टू मागवलं की अर्धं अर्धं येतं, मग बाय टू म्हणजे अर्धं नाही का? म्हणजे रेट कमी करायचा होता? दोघेही एकदम नाही म्हणाले. त्या तासाभरात त्यांचं एकमत तेवढ्यापुरतंच झालं. शेठनी मग स्वतःच्या मोबाइलमध्ये भाषांतराचं यंत्र उघडलं आणि पार्थिवकडून तो मेसेज त्यात टाकवून घेतला. यंत्र गुजरातीत म्हणालं, बेथी वधारो. आता गुजरातीत 'थी' म्हणजे 'ने' पण होतं आणि 'पासून' पण होतं. शेठनी अर्थ लावला, दोनपासून पुढे वाढव. पण दोन होताच कुठे? होता तर एक! वाल्मिकला वाटलं आपण या खिडकीतून खाली उडी मारावी. दोन महिने रात्रीच्या जेवणाआधी घोकलेलं सगळं या सूपात बुडायला निघालं होतं.

शेवटी त्याने विचारलं की माझी मुलगी इंग्रजीच्या शिकवण्या घेते, तिला फोन लावू का. लावला, स्पीकरवर. नावं न सांगता शेठनी पार्थिवकडून फक्त वाक्य वाचवून घेतलं आणि आधीचा आकडा सांगितला. हर्षदाने एका दमात सांगितलं: आधीचा आकडा एक असेल तर बाय टू म्हणजे तीन, दोन हवे असतील तर टू टू लिहायचं, आणि दुप्पट हवं असेल तर डबल. शंकेला जागाच नाही.

 शेठनी पार्थिवकडे बघितलं. पार्थिव टेबलाची कड बघत होता. त्याचे कान लाल झाले होते, आणि कानातलं पांढरं बटण त्याने कधी काढून ठेवलं होतं कुणास ठाऊक. शेठ थंडपणे म्हणाले की जे लिहिता येत नाही ते लिहायचं कशाला, आणि तुझं काय करायचं ते उद्या सकाळी सांगतो. म्हणजे काय सांगणार, हे तिघांनाही कळलं. आधीच्या मॅनेजरलाही असंच 'उद्या सकाळी' म्हटलं होतं.

वाल्मिक जिंकला होता. सगळ्या खात्याला संध्याकाळपर्यंत कळलं. बॉयलरवाला येऊन पाठीवर थाप मारून गेला. उखा मात्र थांबला नाही. त्याने हात धुतले, डबा उचलला आणि निघून गेला.

घरी हर्षदा दारातच उभी होती. तिने सगळं परत सांगायला लावलं, सूपाच्या गोष्टीला पोट धरून हसली, आणि आईला म्हणाली, पप्पांनी मॅनेजरला ग्रामरमध्ये हरवलं. तारा भाकरी थापत होती. तिने सगळं ऐकून घेतलं. तवा उतरवला आणि मग नवऱ्याकडे न बघताच विचारलं, "तुमले म्हाईत नव्हतं का, रंग बिघडी म्हनीसन?"

"लिखेल व्हतं, तसं कयं मी," वाल्मिक म्हणाला.

"ते मी इचारं नही."

वाल्मिक भडकला. सबंध दिवस बाय आणि टू यांनी खाल्ला आणि आता घरात हे. तो म्हणाला की तुला काय कळतं त्यातलं, ज्याने लिहिलं त्याची चूक, मला स्वच्छ सांगितलं होतं डोकं लावू नका म्हणून, मी लावलं नाही. ताराने त्याचं ताट पुढे सरकवलं. हर्षदाचं हसूही विझलं होतं. ती हळूच म्हणाली, "पप्पा, खरंच माहीत होतं?" आणि तो जेवण अर्धवट टाकून उठला.

त्याला माहीत होतं. हे त्याला तीन लावतानाच माहीत होतं, आणि आपल्याला बरं वाटलं होतं हेही माहीत होतं. राग पार्थिवचा होता. पण डाग पडले फिरोजीवर. तीस वर्षांत त्याच्या हातून लॉट बिघडले नव्हते असं नाही. चुकून बिघडले होते. ठरवून एकही बिघडला नव्हता. शिवाय त्या पोराचे लाल कान काही केल्या डोळ्यांसमोरून जाईनात, आणि याचाच त्याला सगळ्यांत जास्त संताप आला. ज्याने चारचौघांत अपमान केला त्याची कीव करायची पाळी आपल्यावर का यावी?

सकाळी तो वेळेआधी मिलमध्ये गेला. शेठ केबिनमधल्या फोटोला अगरबत्ती लावत होते. वाल्मिकने चपला बाहेर काढल्या, आत गेला आणि सांगून टाकलं की तीनवर रंग फाटणार हे मला ठाऊक होतं. उखाने विचारून घ्या म्हटलं होतं. मी मुद्दाम विचारलं नाही.

शेठ अगरबत्ती हातात धरून वळले. राख त्यांच्या सदऱ्यावर पडली.

"काल का नाही सांगितलं?"

"काल तुम्ही फक्त लिहिलेलं काय ते विचारलं."

रमणिकभाईंनी अगरबत्ती फोटोपुढे खोचली. मग खुर्चीत बसले आणि दोन्ही हातांनी कपाळ चोळायला लागले. "एकाला लिहिता येत नाही, दुसऱ्याला बोलता येत नाही," ते म्हणाले. "मी मिल चालवतो की बालवाडी?" त्यांनी पार्थिवला वर बोलावलं आणि दोघांना शेजारी उभं करून असं झापलं की खालपर्यंत आवाज गेला. पार्थिवला काढायचं बोलणं त्या झापण्यात कुठेतरी वाहून गेलं. शेवटी फर्मावलं की तो फिरोजी लॉट आज दोघांनी मिळून काळा करायचा, स्वतःच्या हातांनी, एकाच मशीनपाशी उभं राहून, आणि दिवसभर मोबाइलला हात लावायचा नाही.

बिघडलेल्या रंगावर शेवटचा उपाय काळाच. त्याच्याखाली सगळे डाग बुडतात. दोघे जेटपाशी उभे राहिले. उखाने कापड सोडलं आणि शहाण्यासारखा लांब जाऊन बसला.  पार्थिवच्या इस्त्रीच्या बाहीवर काळा शिंतोडा उडाला, तो त्याने पुसायला घेतला तर आणखी पसरला.

मग तो म्हणाला, "काका, काल तुम्ही एक फोन करायचा होता."

"तुम्ही म्हणालात डोकं लावू नका."

पार्थिवने मान खाली घातली. "त्या दिवशी सकाळीच शेठनी मला झापलं होतं," तो म्हणाला. "तुमच्यावर काढलं." थोडं थांबून त्याने आणखी सांगितलं, आणि हे सांगताना त्याने आजूबाजूला कुणी नाही ना, ते बघून घेतलं. तो बारावीपर्यंत गुजराती माध्यमात शिकलेला. बाय आणि टूचा घोळ त्याचा शाळेपासूनचा. मरूनच्या वेळी बाय बरोबर पडलं तो नशिबाचा भाग. आधीच्या नोकरीत गुजरातीत मेसेज लिहिला म्हणून लोक हसले होते, तेव्हापासून इंग्रजीतच लिहायचं ठरवलं होतं.

वाल्मिकने कपाळावर हात मारला. दोन महिने! दोन महिने तो ज्या माणसाच्या इंग्रजीची बरोबरी करायला मुलीपुढे वही घेऊन बसला होता, त्या माणसाला तेच येत नव्हतं.

"मग गुजरातीत लिहा ना, बाबा. मला वाचता येतं."

"आता नाही लिहिता येत. ग्रुपवर शेठचा मुलगा आहे, तो लंडनला शिकतोय."

 वाल्मिकने झाकणाची काच पुसली आणि आत बघत राहिला. पाणी नव्वदला आलं होतं. पार्थिवने विचारलं की काळ्याला किती चालेल, दोन? वाल्मिक म्हणाला, याला अडीचही चालेल, पण फिरोजीला कधी दीडच्या वर जाऊ नका. पार्थिवचा हात सवयीने मोबाइलकडे गेला, पण शेठचं फर्मान आठवून त्याने पेन काढलं आणि तळहातावर दीड लिहून घेतलं.

लॉट काळा झाला, बऱ्यापैकी काळा, आणि कुठल्याशा अस्तरासाठी निघून गेला. पार्थिव मिलमध्ये राहिला. तो काही गोड झाला नाही. ग्रुपवर इन्क्रीज येतच राहिला, कधी बाय घेऊन, कधी टू घेऊन, आणि एकदा तर दोन्ही घेऊन. मेसेज आला की वाल्मिक वाचतो आणि लगेच फोन लावतो. पलीकडून वैतागलेला आवाज येतो, बोला काका. किती, वाल्मिक विचारतो. आकडा कळतो. कधी तो आकडा वाल्मिकला पटत नाही, मग वीस पायऱ्या चढून वर जातो, आणि वरून दोघांच्या बोलण्याचा आवाज खाली येत राहतो. उखा बटणावर बोट ठेवून उभा असतो. आकडा ठरून खाली आल्याशिवाय तो काही लावत नाही.